पहिली बुट्टी

सुगी आली हे मला पंचांगावरून कळत नाही, नाकावरून कळतं. मार्गशीर्ष निम्मा सरला की एके सकाळी दार उघडावं तर आधी थंडी आत येते. तिच्यामागून ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास, मग नव्या पेंढ्याचा, आणि सगळ्यात शेवटी, जरा दमल्यासारखा, बैलांचा. हा क्रम मी पुष्कळ वर्षं पडताळून पाहिला आहे. तो चुकत नाही. बायको म्हणते, "वासांनासुद्धा रांगेत उभं करणारे तुम्हीच." लढाईच्या दिवसांत रेशनच्या दुकानापुढे उभं राहून सगळ्या गावाला रांगेची सवय लागली. मला ती आधीपासून होती.

सुगीतल्या शनिवारी आमच्या घरातून बाहेर पडणं हा एक हिशोबच असतो. घर चौकाच्या तोंडाशी. उंबऱ्याच्या उजव्या अंगाला रताळ्यांचा ढीग, डाव्या अंगाला मिरच्यांचा, आणि मधे पाय ठेवण्यापुरती जी जागा उरते तिथे कोणाची तरी म्हातारी आई बसलेली. जांबोटीकडचे लोक डोंगरातून चालत येतात आणि आल्याआल्या पाय पसरून बसतात. खानापूरचा तांदूळ येतो, चिकोडीकडचा गूळ येतो, आणि निपाणीकडच्या गाड्या आल्या की दिसण्याआधी शिंक येते, कारण त्या गाड्यांतून वर्षभर तंबाखू वाहिलेली असते आणि गाडीवानानं कितीही झाडलं तरी ती फळ्यांच्या फटींतून निघत नाही. त्या गाडीतून आलेली कोबी आम्ही दोनदा धुतो.

परवा जावयानं विचारलं, "हा बाजार इथं किती जुना?" मी म्हटलं, "माझ्या आजोबांच्याही आधीचा." मग राहवेना म्हणून पुढे म्हटलं, "आणि तो माझ्यादेखत सुरू झाला." जावई सभ्य आहेत. त्यांनी वयाचा परिणाम समजून मान हलवली. पण दोन्ही उत्तरं खरी आहेत.

रेशनच्या लढाईच्याही आधीची ती पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी तिशीच्या अलीकडचा, लाकडाच्या वखारीत मापारी. खानापूरच्या जंगलातून ओंडके यायचे, मी फीत लावून त्यांची लांबी आणि घेर सांगायचो. त्या साली पेठेत प्लेगचे उंदीर पडायला लागले. पुढे काय होतं हे तेव्हा लहान पोरालाही माहीत होतं. घरांना कुलपं लावून सगळी पेठ बाहेरच्या माळावर झोपड्यांत राहायला गेली, आणि तिच्यामागून बाजारही गेला. आमच्या आळीतली काही माणसं परत आली नाहीत. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. बाकीचे पावसाळ्याच्या तोंडी परत आलो, घरं सारवली, कौलं चाळली. बाजार मात्र परत आला नाही.

तो माळावरच राहिला. शेतकऱ्यांना तिथं गाडी वळवायला ऐसपैस जागा, बैलांना गवत, आणि पेठेच्या अरुंद गल्लीत शिरताना चाकाला चाक लागून होणारी भांडणं नाहीत. त्यांचं काय चुकलं? आमचा चौक रिकामा पडला. पहिल्या शनिवारी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. उजाडेपर्यंत झोपलो. मग दुसरा शनिवार, तिसरा शनिवार. चौकातल्या दगडी कट्ट्यावर बायका शेवया वाळत घालू लागल्या. मधोमध कुत्री झोपायची, आणि तीही अशी ऐसपैस, की जणू जागा त्यांच्या नावावर आहे. पावसात फरश्यांच्या फटींतून गवत आलं आणि कोणाची तरी शेळी रोज कामावर आल्यासारखी वेळेवर येऊन ते खाऊ लागली. भाजी आणायला माळापर्यंत जायचं, आणि परत येईतो पालकाचा पार चोथा झालेला. अशा दोन सुग्या गेल्या.

या सगळ्यात खरं नुकसान झालं ते आमच्या मागच्या गल्लीतल्या विठाप्पाचं. विठाप्पा मूळचा वडगावचा विणकर. घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, खड्ड्यात पाय सोडून तो विणायचा, आणि बाहेरच्या खोलीत लुगडी विकायचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बाजाराला आलेल्या शेतकरी बायका. सकाळी भाजीची बुट्टी, म्हणजे टोपली, रिकामी झाली की त्या बुट्टी काखेत मारून त्याच्या दारात यायच्या, लुगडी उलगडायच्या, नाकं मुरडायच्या, निघून जायच्या, गल्लीच्या टोकापासून परत यायच्या आणि घ्यायच्या. सुगीचं लुगडं घेतल्याशिवाय त्यांची सुगी पुरी व्हायची नाही. आता त्या माळावरूनच माघारी जात होत्या.

विठाप्पा एकदा लुगड्यांचं गाठोडं घेऊन माळावरही जाऊन आला. धुळीत कोण लुगडं उलगडणार? त्यात एका बैलानं हिरव्या लुगड्याचा पदर वैरण समजून तोंडात घेतला. बैलाच्या मालकानं पदर ओढून काढला, बैलाची जीभ नीट बघितली आणि म्हणाला, "रंग पक्का हाय गा तुमचा. जीभ हिरवी झाली न्हाय." विठाप्पाला त्या दिवशी मिळालेली तेवढीच कमाई.

संध्याकाळी आम्ही सोंगट्या खेळायला बसायचो. तिसऱ्या सुगीच्या तोंडी एकदा कवड्या हातातच धरून तो म्हणाला, "अण्णा, ही सुगी बघतो. बाजार चौकात आला तर ठीक. न्हाय आला तर माग मोडून सोलापूरला जातो. मेव्हण्यानं गिरणीत जागा बघून ठेवलीया."

"आणि वहिनी?"

आतून तारक्काचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला, "वहिनीला कोण इचारतंय? वहिनी काय, मागाची खुंटी हाय. उपटली की चालली."

विठाप्पा हसला, पण कवड्या टाकल्या नाहीत. गिरणीच्या नोकरीत वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्याच्या घरात तीन पिढ्यांचा धोटा खटखटत होता, आणि तो दुसऱ्याच्या भोंग्यावर उठणार हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. शिवाय, पेठेत माझ्याबरोबर सोंगट्या खेळायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी दानं फार तपासतो, असं लोकांचं म्हणणं.

पेठेच्या पंचांनाही चौक रिकामा बघवत नव्हता. त्यांचे पुढारी आबासाहेब, आवाज मोठा आणि अंगही. त्यांनी आसपासच्या गावांत दवंडी पिटवली की येत्या शनिवारपासून बाजार चौकात भरेल, सगळ्यांनी यावं. चौक झाडला, सडा टाकला, चारी गल्ल्यांच्या तोंडाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. शेळीला दुसरीकडे नेऊन बांधलं, ती दिवसभर ओरडत होती.

शनिवारी उजाडायच्या आत चाकांचा आवाज आला. मी खिडकी उघडली. गाड्या येत होत्या! डोक्यावर बुट्ट्या घेतलेल्या बायका येत होत्या. चारी गल्ल्या भरल्या. आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले.

चौक मधोमध रिकामा, सडा टाकलेला, स्वच्छ. त्याच्या चारी बाजूंना माणसांची दाटी, आणि आत एकही पाऊल नाही. लग्नघरात पंगत मांडावी आणि पाटावर कोणी बसू नये, तसं.

"बस की गं."

"तू बस. मी आपली बघाय आलते."

"एवढी वांगी डोईवर घिऊन बघाय आलतीस व्हय?"

हीच बोलणी पलीकडच्या गल्लीत कानडीत चालली होती, आणि दोन्ही भाषांत कोणी पुढे सरकत नव्हतं.

कारण होतं भवानीचं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. ती कोणाच्या हातची होते यावर दिवस कसा जाणार ते ठरतं, असा विकणाऱ्यांचा पक्का समज. काहींचा हात गुणाचा असतो. त्यांनी सकाळी पैसा दिला की विकणारी तो कपाळाला लावते आणि दुपारपर्यंत माल संपतो. काहींचा हात असा की दिवसभर माशासुद्धा बसत नाहीत. ही तर साध्या दिवसाची भवानी नव्हती. ज्या चौकातून लोक जीव घेऊन पळाले होते, तिथली दोन वर्षांनंतरची पहिली भवानी. पहिली बुट्टी टेकवणाऱ्याच्या डोक्यावर काय येईल कोणी सांगावं? दुसरी बुट्टी टेकवायला सगळे तयार होते. पहिली कोणी टेकवेना.

आबासाहेब पुढे झाले. "मी करतो भवानी! कोण बसतंय बोला!"

मागून एकजण म्हणाला, "मागं जोंधळ्याची भवानी यांनीच केल्ती. त्या दिवशी गारा पडल्या."

आबासाहेब मागे झाले. मग कोणी डॉक्टरांचं नाव काढलं. डॉक्टर भला माणूस, साथीत घरोघर फिरलेला. पण बायका एकदम गलका करून उठल्या. डॉक्टरच्या हातची भवानी म्हणजे पुढची गिऱ्हाइकं कुठून येणार ते कळलंच. भटजींचं नाव निघालं. तर म्हातारा गाडीवान म्हणाला, "भटजींचा हात चांगलाच हाय. पर त्यो घ्यायचा हाय, द्यायचा न्हवं. उलटा कसा चालंल?" भटजीही हसले, पण त्यांनी पिशवी काही उघडली नाही.

ऊन कट्ट्यावर आलं. डोक्यावरची कोथिंबीर माना टाकू लागली. एका गाडीवानानं बैलांची तोंडं माळाकडे फिरवली. त्याचं बघून दुसऱ्यानं. विठाप्पा आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता, खांद्यावर घडी केलेलं लुगडं, दाखवायला तयार. त्यानं ते बैल वळताना बघितले. माघारी वळून गल्लीत आत गेला. थोड्या वेळानं गल्लीतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. धोट्याचा नव्हे, हातोडीचा. तो मागाच्या खुंट्या काढत होता.

माझ्या मनात तेव्हा काही थोर विचार आला असं नाही. बायकोचा भाऊ रात्री जेवायला येणार होता, वांगी आणायला सांगितलं होतं, वखारीत जायची वेळ होत आली होती, आणि ही सगळी माणसं भाजी डोक्यावर घेऊन नुसती उभी होती. त्यात ती हातोडी. तो आवाज ऐकून मला राग आला. कोणाचा, ते ठरवायला वेळ नव्हता. मी खाली उतरलो आणि समोर ज्या बाईच्या बुट्टीत वांगी दिसली तिच्याकडे गेलो. ती गंगाआक्का. सांबऱ्याकडची, आवाज भोंग्यासारखा.

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. पेठेत सगळ्यांत वाईट हात माझा. मी कोटाच्या खिशात माझं स्वतःचं अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं, वजन घेऊन बाजाराला जायचो. विकणारीच्या वजनाशेजारी ते ठेवून बघायचो. खिशाच्या ओझ्यानं कोट एका अंगाला ओघळलेला, त्यामुळे मी लांबूनच ओळखू यायचो आणि भवानी व्हायच्या आधी मी दिसलो की बायका बुट्टीवर पदर टाकायच्या.

गंगाआक्कानं मला बघितलं आणि दोन्ही हातांनी बुट्टी धरली. "तुमी नगं! मापारी, तुमी मागनं या!"

"आक्का, शेरभर वांगी दे. मला उशीर होतोय."

"आगं बया, ह्यो खरंच आला की! व्हा लांब!"

ती मागे सरकली. मी पुढे झालो. मागे गाड्या आडव्या, बैल, माणसं. ती डावीकडे वळली, तिथे जांबोटीचे लोक पाय पसरून बसलेले. उजवीकडे आबासाहेब, त्यांना वळसा घालायला दुसरी गल्ली लागली असती. मोकळी जागा एकच, चौक. आक्का डोक्यावर बुट्टी घेऊन चौकात शिरली.

मीही शिरलो. मला ते पळणं वाटलं नाही, मी भराभर चालत होतो. लोक म्हणतात पळत होतो. खिशातलं वजन मांडीवर आपटत होतं एवढं खरं. ती कट्ट्याला वळसा घालते, मी घालतो. चारी गल्ल्यांतून हसू फुटलं. कोणी ओरडलं, "आक्का, बुट्टी सोडू नगंस!" कोणी ओरडलं, "मापारी, पलीकडनं!" दुसऱ्या वळशाला आक्काचा दम संपला. तिनं बुट्टी कट्ट्याजवळ धाडकन टेकवली आणि शेजारी बसली.

"घे बाबा! घे एकदाचा! मरा म्हणावं सगळ्यास्नी!"

तिनं तराजू काढला नाही. ओंजळीनं वांगी भरून माझ्या पिशवीत टाकली. मी वजन काढायला खिशाकडे हात नेला. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. हात परत आला. मी पैसे दिले. ते तिनं कपाळाला लावले नाहीत, चटका बसल्यासारखे कमरेला खोचले. घरी येऊन वांगी तोलली तर शेराला वर भरली, याची मला जराशी निराशाच वाटली.

मग सगळे आक्काकडे बघत होते, तिला काही होतंय का. आक्कानं घाम पुसला, पदर सारखा केला, आणि गल्लीकडे बघून भोंगा लावला, "बघताय काय! तमाशा हाय व्हय? या की!"

म्हातारा गाडीवान शांतपणे म्हणाला, "मापाऱ्याच्या हातची भवानी हूनशान आक्का जित्ती हाय. मग आपल्याला काय हुतंय?"

एवढं तर्कशुद्ध वाक्य मी त्या साली दुसरं ऐकलं नाही. चारी गल्ल्या एकदम फुटल्या. दुसरी व्हायला सगळेच तयार होते, म्हणून दुसरं कोण झालं हे आजतागायत ठरलेलं नाही. माळाकडे वळलेले बैल परत वळवायला जागा राहिली नाही, तेव्हा गाडीवानांनी गाडीमागूनच गूळ विकायला काढला. आक्काची वांगी सगळ्यांत आधी संपली, कारण येणारा प्रत्येकजण ती गोष्ट तिच्या तोंडून ऐकायला थांबायचा आणि नुसतं ऐकून जायला लाजायचा.

त्याचा परिणाम मी अजून भोगतो आहे. माझा हात गुणाचा ठरला. सुगीतल्या शनिवारी चहा तोंडाला लावायच्या आत दारात हाक येते, "मापारी अण्णा, भवानी!" लागो न लागो, घ्यावं लागतं. भवानीला घासाघीस करायची नसते आणि वजन तपासायचं नसतं. आयुष्यभर जे केलं ते सोडून आठवड्यातून एकदा डोळे मिटून वांगी घ्यायची. बायकोला यात फार न्याय दिसतो.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी पिशवीसकट विठाप्पाच्या दारात गेलो. माग निम्मा सुटलेला, खुंट्या भिंतीशी मांडलेल्या, हातोडी वर.

"विठाप्पा, थांब. बाजार बसला."

"कुणी बसीवला?"

"मी. म्हणजे मी नव्हे, गंगाआक्कानं. म्हणजे मी तिच्या मागं लागलो..."

तारक्का आतून बाहेर आली. "कुणाच्या मागं लागलासा?"

मी नीट समजावून सांगेपर्यंत गल्लीत बायकांचा आवाज आला. रिकाम्या बुट्ट्या काखेत, पुढे गंगाआक्का. विठाप्पा हातोडी खाली ठेवायला विसरला. एका हातात हातोडी आणि दुसऱ्यानं तो लुगडी उलगडून दाखवत होता, त्यामुळे त्या दिवशी घासाघीस जरा कमीच झाली. खोलीतला माल संपला. गंगाआक्काला हवं होतं ते हिरवं, लाल काठाचं, तेच गेलेलं.

"संक्रांतीपतूर विणून दे," ती म्हणाली.

विठाप्पानं आत बघितलं. माग लाकडांचा ढीग होऊन पडला होता. "दीन विणून," तो म्हणाला.

बायका गेल्यावर मी विचारलं, "सोलापूरला काय कळवणार?"

"माझा भाऊ हाय," तारक्का म्हणाली, "मी कळीवते." आणि तिनं भिंतीजवळची पहिली खुंटी उचलून त्याच्या हातात दिली.

मी उद्या येतो म्हणून वखारीत निरोप पाठवला आणि तिघांनी मिळून दुपारभर माग उभा केला. मी फीत लावून एक बाजू बोटभर उतरती आहे असं सांगितलं. विठाप्पा म्हणाला, "अण्णा, तुझी भवानी झाली आज. गप बस." ताणा तसाच गुंडाळून ठेवलेला होता, तो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मागच्या गल्लीत धोटा खटखटू लागला. मी दाढी करताना ऐकत होतो. कधी नव्हे ते मी ते ठोके मोजले नाहीत.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी गंगाआक्का आली. लुगडं हिरवं, काठ लाल. तिनं ते दारातच उलगडलं आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात लावत मापायला सुरुवात केली. मापून झालं. तिचा चेहरा बदलला. पुन्हा पहिल्यापासून मापलं. मीही बघत होतो. लुगडं चांगलं हातभर जास्त भरत होतं.

"हे जादा का?" ती संशयानं म्हणाली. आयुष्यात तिला कोणी मापाबाहेर काही दिलं नसावं. "काय खोट हाय ह्यात? बोल खरं."

विठाप्पानं लुगड्याची घडी घातली, तिच्या रिकाम्या बुट्टीत ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, "खोट न्हाय, आक्का. हातच थांबला न्हाय."